भावी

चौकातला फ्लेक्स दहा बाय आठचा होता. वर चार नेत्यांचे चेहरे, खाली एकोणीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो आणि मधोमध पांढऱ्या शर्टात हात जोडून उभा असलेला पंचविशीचा पोरगा. नावाच्या आधी ‘उच्चशिक्षित, निष्कलंक, युवकांचे आशास्थान’ आणि नावाच्या खाली लाल अक्षरांत ‘भावी सरपंच’. निवडणूक तीन वर्षं लांब होती. गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि वडवणीच्या मधल्या डोंगरपट्ट्यातलं. तिथं माणसाला नाव चिकटायला दोन दिवस पुरतात. तिसऱ्या दिवशी हॉटेलात चहा सांगताना कुणीतरी म्हणालं, "भावीला बी अर्धा सांगा," आणि पोराचं खरं नाव आधार कार्डापुरतं उरलं. आपणही त्याला भावीच म्हणू.

शिकलेला होता, हे मात्र खोटं नव्हतं. बी. ए. अंबाजोगाईला, मग एम. ए. राज्यशास्त्र, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, २०१७ साली. त्यानंतर एमपीएससीचे दोन अटेम्प्ट, दोन्ही पूर्वपरीक्षेतच आटोपले. आपल्याकडं पदवी झालेल्या पोराला घरचे पहिलं वर्ष काही विचारत नाहीत, दुसऱ्या वर्षी जेवताना विचारतात. विचारलं तेव्हा भावीनं ताटातून मान वर न करता सांगितलं, "राजकारणात करिअर करायचंय." पुण्यात राजकीय नेतृत्वाचा अभ्यासक्रम चालतो, त्याची फीसुद्धा त्यानं विचारून ठेवली होती. बापानं आकडा ऐकला आणि दावणीच्या बैलांकडं बघितलं. माय म्हणाली, "त्येला पगार किती आस्तो?"

फीचं जमलं नाही, म्हणून भावी तालुक्यातल्या एका भाऊंच्या मागं लागला. वर्षभर भाऊंच्या गाडीत मागच्या सीटवर. भाऊंचा चार्जर सांभाळायचा, लग्नात भाऊंचा आहेर पुढं करायचा, मौतीला भाऊंच्या आधी पोचून खुर्ची टाकायची. वर्षाअखेरीस मोबाइलमध्ये भाऊंबरोबरचे सहाशे फोटो जमले. भाऊ त्याला "ए एम्ये" अशी हाक मारत. नाव कधी विचारलं नव्हतं.

फ्लेक्स लागल्यावर भावी आशीर्वाद मागत फिरला, तसा गुरुजींकडंही गेला. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले, सुपारीचे शौकीन. नोकरीत असताना अनेक वर्षं बीएलओचं काम गळ्यात पडलेलं, त्यामुळं त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गावाच्या जुन्या मतदार याद्यांचे गठ्ठे होते. गावातली माणसं जन्म-मृत्यूच्या तारखेला ग्रामसेवकाआधी गुरुजींना विचारतात.

"पंचायत राज वाचलंस का?" गुरुजींनी विचारलं.

भावी खुलला. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, कलम २४३, अकरावी अनुसूची, २९ विषय. गुरुजी अडकित्ता चालवत ऐकत राहिले. विषय संपले तेव्हा म्हणाले, "झ्याक. आता सांग, आपल्या वॉर्डात उंबरे किती?"

"असतील की दीडशे."

"त्यातले बंद किती?"

"बंद म्हणजे?"

"दिवाळी झाली की कुलूप लागतं ते."

भावीला उत्तर येईना. त्यानं विषय बदलायला म्हणून गोपीनाथ मुंडे साहेबांचं नाव काढलं. आमच्या जिल्ह्यात पदवी घेऊन राजकारणात पडू पाहणारं प्रत्येक पोरगं हे नाव काढतं, पक्ष कोणताही असो.

गुरुजी म्हणाले, "ती गोष्ट तुला अर्धीच ठाऊक हाय. नाथऱ्याचा शेतकऱ्याचा पोरगा, १९४९ चा जन्म. अंबाजोगाईच्या कॉलेजात पदवी, तिथंच प्रमोद महाजनांची संगत. मग विद्यार्थी परिषद, पुण्याला आयएलएस लॉ कॉलेज, आणीबाणीत तुरुंग. इथवर सगळ्यांना पाठ. अन् इथून सगळे उडी मारतात ती थेट १९९५ ला, उपमुख्यमंत्री झाले तिथं. मधलं कोण सांगणार? आधी जिल्हा परिषद. १९८० ला रेणापुरातून आमदार. अन् १९८५ ला पडले."

‘पडले’ म्हणून गुरुजी थांबले. सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"शिक्षण होतं, तुरुंगवास होता, पाच वर्षांची आमदारकी होती. तरी लोकांनी पाडलं. १९९० ला त्याच रेणापुरातून परत निवडून आले, मग विरोधी पक्षनेते. त्या पाच वर्षांत मतदारसंघ सुटला आस्ता तर पुढचं काय बी झालं नस्तं. म्या त्यांना मत दिलं का न्हाई ते सोड. पण पडल्यावर माणूस कुठं जातो ते बघायचं आस्तं."

भावीनं विचारलं, मग पदवीचा उपयोग काय? त्यावर गुरुजींनी जी नावं घेतली ती कुठल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणार नाहीत. याच बीडनं १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं. ते ना इथले गाववाले, ना पदवीवाले. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडलेला, प्रतिसरकार चालवलेला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या चिन्हावर उभा राहिलेला माणूस. केशरकाकू क्षीरसागर गावच्या सरपंचकीपासून निघाल्या आणि तीनदा खासदार झाल्या. उलट, शेजारच्या नगर जिल्ह्यात पोपटराव पवार एम. कॉम. झाले, १९८९ मध्ये हिवरेबाजारचे सरपंच झाले आणि गावातच राहिले. "पदवीनं कुणी आडत न्हाई अन् पदवीनं कुणी निवडून बी येत न्हाई," गुरुजी म्हणाले. "लिहिता-वाचता येतं ना तुला? मंग पुरे."

त्यांनी ट्रंक उघडली आणि वॉर्डाची यादी भावीच्या हातात दिली. ४१२ नावं. "ह्या एकेका नावासमोर लिहून आण. माणूस आत्ता कुठं हाय."

भावीला वाटलं आठ दिवसांचं काम. दसरा आला तरी यादी निम्मी झाली नव्हती. २७ नावं मेलेल्यांची निघाली. त्यातलं एक त्याच्या चुलत आजीचं, जिच्या दहाव्याला तो औरंगाबादेत पेपर देत होता. ३८ पोरी लग्न होऊन गेलेल्या. तिघांची नावं दोनदा. पण यादी अडली ती भलत्याच ठिकाणी. घरासमोर उभं राहून ‘कुठं असता’ विचारलं की लोक ‘हितंच’ म्हणत, आणि शेजारी हळूच सांगे, "दिवाळीपतोर हितं. फुडं कारखान्याला." एकेक करत १६४ नावांसमोर भावीनं लिहिलं, ‘ऊसतोड’. त्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून असलेली तीन माणसं त्यात होती. लहानपणी थंडीच्या दिवसांत ते घर शांत असायचं एवढंच त्याला आठवत होतं.

मुकादमाची वही त्यानं त्याच फेरीत पहिल्यांदा पाहिली. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, अंगठाही बहुधा एकट्या नवऱ्याचाच असतो. मतदार यादीत मात्र दोघांना दोन अनुक्रमांक, दोन घरं खाली-वर, दोन फोटो. एक माणूस, एक मत, एक मूल्य यावर भावीनं विद्यापीठात पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ज्यांनी संविधान सभेत ते बजावून सांगितलं, त्यांचंच नाव विद्यापीठाच्या कमानीवर होतं. अर्धा कोयता हा शब्द त्या उत्तरात कुठं बसला असता याचा तो रात्रभर विचार करत राहिला, असं तो आता सांगतो. मला वाटतं रात्रभर नसेल, पण केला असेल.

दिवाळीनंतर गाव रिकामं झालं. ट्रकांत, ट्रॅक्टरांत भांडी, शेळ्या, लेकरं चढली आणि गुरुजी म्हणाले, "आता खरी यादी कर."

जानेवारी २०२० मध्ये भावी एसटीनं कराडला उतरला आणि पुढं विचारत विचारत एका फडाजवळच्या तळावर पोचला. उसाच्या पाचटाच्या आणि बांबूच्या चाळीस-पन्नास कोप्या, मधून सांडपाण्याची धार, कडेला टायरगाड्या. संध्याकाळ झाली होती. बाया वाढ्याच्या मोळ्या टाकून चुली पेटवत होत्या. आणि तिथं, रांगेतल्या शेवटच्या कोपीवर, भावीला भावी दिसला.

उलटा. हात जोडलेले वर, डोकं खाली. फ्लेक्स चौकातून उतरला तो मुकादमानं नेऊन टोळीला वाटला होता. पावसापासून, दवापासून कोपीवर टाकायला फ्लेक्ससारखं काही नाही. चार नेत्यांपैकी दोघं शेजारच्या कोपीवर गेले होते. ‘युवकांचे आशास्थान’ दाराच्या तोंडाशी लोंबत होतं आणि त्याखालून वाकून आत जावं लागत होतं.

आतली बाई गावचीच होती, लिंबाजवळच्या घरातली. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, दिराबरोबर मिळून कोयता धरलेला. दहावी नापास, म्हणून टोळीच्या खेपांचा हिशोब तिच्याकडं. तिनं भावीला ओळखलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"बसा भाऊजी. तुमच्याच खाली बसायचं हाय."

भावीला काही सुचेना. तो म्हणाला, "वहिनी, गळत नाही ना?"

"न्हाई. लई चांगलं छापलंय."

त्या रात्री त्यानं कोपीतच भाकर खाल्ली आणि कंदिलाच्या उजेडात तिच्या खेपांच्या वहीवरून स्वतःची वही पुरी केली. कोण कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाकडं, बरोबर लेकरं किती, कोणत्या इयत्तेतली, गावाकडं म्हातारं कोण राहिलं. पहाटे तीनला फडाकडं निघताना वहिनीनं विचारलं, "हे ल्ह्यून काय व्हनार?" भावीनं प्रामाणिकपणानं सांगितलं, "माहीत नाही."

दोन महिन्यांत कळलं.

मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. कारखाने बंद होत आलेले, मजूर फडाशेजारी अडकलेले, खायचं संपलेलं, गावाकडं म्हातारी माणसं एकटी. राज्यभरात असे सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड मजूर होते. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना गावी परतायची परवानगी दिली. अट अशी की तपासणी करून, याद्या करून, गावाला आगाऊ कळवूनच यायचं. ग्रामसेवकाला विचारणा झाली, गावचे किती लोक कुठं आहेत? ग्रामसेवक भाऊसाहेब मनानं चांगले होते, पण त्यांच्याकडं घरपट्टीचा नमुना ८ होता. त्यात घरं असतात, माणसं नसतात. ते भावीच्या दारात आले. भावीनं वही काढली. चार कारखान्यांच्या नावांखाली १६४ मतदार आणि ७१ लेकरं, त्यातली दोन फडावरच जन्मलेली. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्या फोटो काढले आणि तालुक्याला पाठवले.

लोक आले, शाळेत आणि शेतात वेगळे राहिले, भावी आणि त्याचे शुभेच्छुक (एकोणीसपैकी सहाच उरले होते) पाणी-पीठ पोचवत राहिले. एकदा पीठ उतरवत असताना भाऊंचा फोन आला. वाटपाचे फोटो हवे होते. भावीच्या दोन्ही हातांना पीठ होतं, त्यानं फोन घेतला नाही.

इथं गोष्ट संपवली असती तर फार गोड झाली असती. भावी निवडून आला, गाव सुधारलं, वगैरे. पण आमच्याकडं आरक्षणाची सोडत नावाची एक गोष्ट असते.

सोडत निघाली आणि सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. तीन वर्षांचा ‘भावी’ एका चिठ्ठीत गेला. मित्रांनी लगेच तोड काढली, जी गावोगावी निघते: मायला उभं करायचं, कारभार आपण बघायचा. भावीला ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एम. ए. च्या नोट्समध्ये महिला आरक्षणावर त्यानं काय लिहिलं होतं ते त्याला त्या दिवशी आठवलं नाही. त्यानं मायला विचारलं. माय भाकरी थापत होती.

"खुर्चीवर मला बशिवणार अन् सही तू करणार व्हय?"

"तसं नाही माय..."

"मंग कसं? म्या जनमभर तुझ्या बापाच्या सातबाऱ्यामागं उभी ऱ्हायले. आता तुझ्या फ्लेक्साम्होरं उभं ऱ्हायचं का? ज्या बाईला हिशोब येतो तिला उभं कर की."

हिशोब येणारी बाई वहीत होती. त्या वर्षी वहिनीनं उचल घेतली नाही. उचल घेतली असती तर हंगामात फड सोडून येता आलं नसतं, इतका साधा तो हिशोब होता.

मतदान १८ डिसेंबर २०२२ ला ठरलं. राज्यातल्या ७ हजार ७५१ ग्रामपंचायतींचं, त्यात बीड जिल्ह्यातल्या सातशेच्या आसपास, आणि सगळं ऐन हंगामात. अशा वेळी मतदार आणायला गाड्या जातात. एका क्रूझरचं भाडं, डिझेल, वाटेतलं जेवण, मजुराची बुडालेली मजुरी, मुकादमाची समजूत. समोरच्या पॅनेलकडं अकरा गाड्या होत्या. भावीकडं दोन, त्यातली एक उसनी. त्याला नेमकं माहीत होतं आपली माणसं कुठं आहेत. वहीत सगळं होतं. २३ जणं बेळगावच्या बाजूला होती. गाडीच नव्हती.

२० डिसेंबरला निकाल लागला. वहिनी नऊ मतांनी पडली.

तहसीलच्या आवारात गुलाल उडत होता, तो वाऱ्यानं वहिनीच्याही लुगड्यावर आला. भावी वही उघडून बेळगावच्या पानावर बोट फिरवत बसला. गुरुजी शेजारी येऊन बसले. काही बोलले नाहीत, सुपारीचं खांड पुढं केलं. भावीनं वही मिटली आणि म्हणाला, "लिंबाजवळच्या म्हातारीचं श्रावणबाळचं पैसं दोन महिने आले नाहीत. इथं आलोच हाव तर विचारून येतो." आणि तो गुलालातून वाट काढत संजय गांधी योजनेच्या टेबलाकडं गेला. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

आठवड्यानं नव्या सरपंचबाईंचे यजमान घरी आले. माणूस वाईट नव्हे, सरळ धंद्याचं बोलणारा. "ती वही दे. काय घ्यायचं ते बोल." भावीनं वही दिली नाही. पण लपवलीही नाही. १ मे २०२३ च्या ग्रामसभेत तो सतरंजीवर उभा राहिला आणि वहीतली नावं वाचायला लागला. कोण कोणत्या कारखान्याला जातं हे नव्हे. फक्त लेकरांची नावं, इयत्ता, आणि कोणत्या महिन्यात शाळेतून जातात. लोक आधी हसले, मग नाव आलं की त्या घरातलं माणूस मान वर करू लागलं. वाचून झाल्यावर वहिनी उठली आणि म्हणाली, हंगामी वसतिगृहाचा ठराव घ्या. जिल्ह्यात ही सोय आहे, लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात, शाळेतून दोन वेळ जेवण मिळतं, पण त्यासाठी आधी लेकरांची यादी लागते. यादी समोर होती. सरपंचबाईंनी यजमानांकडं बघितलं. यजमान मोबाइलमध्ये होते. बाईंनी स्वतःच सही केली. त्या दिवसापासून त्या सह्या स्वतःच करतात, असं भाऊसाहेब सांगतात, आणि सांगताना हसतात.

त्या दिवाळीनंतर गावातली एकोणतीस लेकरं फडावर गेली नाहीत.

पुढच्या वर्षी, ९ डिसेंबर २०२४ ला, केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. ते गाव इथून फार लांब नाही. बातमी आली त्या रात्री भावीच्या घरात दिवा लवकर मालवला. मायनं वही उचलली, धान्याच्या पेटीत खाली घातली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. "नगं आता हे," एवढंच म्हणाली. भावी काही बोलला नाही. त्यालाही भीती वाटत होती. आमच्या जिल्ह्यात राजकारणाचं करिअर सांगणाऱ्या कुणी हा भाग वगळून सांगू नये.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी दारात आली. सुनेला फडावर दिवस भरत आले होते, सोबतीला कुणी बाई नव्हती आणि टोळी नेमकी कोणत्या गावाला आहे ते म्हातारीला सांगता येत नव्हतं. मायनं ऐकून घेतलं. आत गेली, पेटीचं कुलूप काढलं, दाण्यात हात घालून वही वर काढली, पदरानं पुसली आणि भावीच्या हातात दिली.

वहीत आता ४३१ नावं आहेत. सरपंचपदाची पुढची निवडणूक व्हायची आहे. गावात त्याला अजून भावीच म्हणतात.